गोजरआत्या आणि शाळेचं कपाट

चिंचमळा वस्तीवरच्या शाळेत मी रुजू झाले, त्याच्या चौथ्या दिवशी एका बाईने मला खडूंचा हिशोब विचारला.

मी तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेत होते. दारात पन्नाशीची, उंच, काटक अशी बाई येऊन उभी राहिली. काखेत एक लांबडी वही.

"मॅडम, सोमवारी खडूची एक पेटी काढली, आज दुसरी काढली. चार दिवसांत पेटी सरली कशी?"

"खडू ठिसूळ आहेत. लिहिता लिहिता तुटतात," मी म्हटलं.

"तुटलेले कुठं हायेत?"

मी टेबलाखालची टोपली दाखवली. तिने वाकून कागदांच्या बोळ्यांतून पेराएवढे तुकडे वेचले आणि पदरात घेतले. "ह्याच्यावर पहिलीची लेकरं आठ दिवस काढतेत," म्हणाली आणि शेजारच्या वर्गात निघून गेली. मुलं हसत होती. मला मात्र राग आला. एवढी पदवी, परीक्षा, बदलीची धावपळ करून मी इथे पोचले आणि माझ्या टोपलीतला केर कोणी तरी तपासतंय.

मुख्याध्यापक रामप्रसाद सरांना मी हे सांगितलं. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. सर म्हणाले, "त्या गोजरबाई. सगळी वस्ती आत्या म्हणते. साहित्याचं कपाट त्यांच्या ताब्यात आहे. सवय होईल तुम्हाला, दीपमाला मॅडम. एकदा सवय झाली की त्यांच्याशिवाय करमणार नाही."

सर बोलले ते खरं ठरायला दोन महिने लागले.

आमच्या शाळेत तेव्हा एकतीस मुलं होती, बावीस घरची. सरकारी अनुदान येतं, नाही असं नाही, पण ते येण्याची वेळ आणि मुलांची वही संपण्याची वेळ कधी जुळत नाही. शिवाय आलेल्या पैशातून विजेचं बिल, नळाची तोटी, गळकं छत यांचा वाटा आधी. म्हणून वस्तीवरच्या आयांनी ठरवलं होतं की दर महिन्याला घरटी तीस रुपये काढायचे आणि त्यातून फक्त वर्गात लागणारं साहित्य आणायचं. खडू, वह्या, पेन्सिली, कार्डशीट, रंग. चहापाण्याला त्यातला एक रुपया जायचा नाही. हे पैसे कोणी सांभाळायचे, असं पालकसभेत विचारलं तेव्हा पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मागून एक बाई बोलली, "आत्याकडं द्या. ती सोत्तालाबी फसवत न्हाई."

मग सरांनी साहित्य समितीच्या सदस्याचा कागद भरायला घेतला. पालकाचे नाव, पाल्याचे नाव, नाते. गोजरबाईला मूलबाळ नव्हतं. ती शाळेतल्या पायलची आत्या. सरांनी पाल्याच्या रकान्यात 'पायल' लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'आत्या' लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. सर सांगतात, तिने तो दोनदा वाचला आणि मग सही केली. ती सातवी शिकलेली. अक्षर मोठं, टपोरं, रेघेच्या वर बसणारं.

तिची बाकीची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. सतराव्या वर्षी तिला हसनाबादकडे दिलं होतं. नऊ वर्षं ती तिथे नांदली. मूल झालं नाही, त्यावरून बोलणी खाल्ली. मग नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला आणि ती माहेरी परत आली. आईवडील गेल्यावर धाकटा भाऊ पुंजाराम आणि त्याची बायको दैवशाला यांच्यात राहिली. घरची दोन एकर, कापूस आणि सोयाबीन. पुढे पुंजाराम आणि दैवशाला चाकणला कंपनीत कामाला गेले. एकच खोली, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. पायल पाच वर्षांची होती. "एक वरीस सांभाळ, मंग नेतो," म्हणून भाऊ तिला बहिणीजवळ ठेवून गेला. त्या एका वर्षाची पाच झाली.

मी आले तेव्हा पायल तिसरीत होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, बोलताना डोळे मोठे करायची सवय. शनिवारी शाळा सकाळची असायची. आत्या त्या दिवशी साठा मोजायला यायची. कपाट माझ्याच वर्गात होतं. ती खाली बसून पेन्सिली मोजायची आणि मी मुलांकडून कविता म्हणवून घ्यायचे. मध्येच मोजणं थांबलेलं असायचं. मी वळून बघितलं की ती घाईने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची.

वाटपाच्या वेळी पायलचा नंबर कायम शेवटी. एकदा दुरेघी वह्या तीसच निघाल्या, तर पायल तशीच राहिली. मी माझ्याजवळची एक दिली, तर आत्याने ती परत माझ्या टेबलावर ठेवली. "घरचं लेकरू हाये मॅडम. बाजारपर्यंत थांबंल."

बाजार म्हणजे कुंभार पिंपळगावचा. तिथल्या दुकानदाराकडून ती खरेदी करायची. तो साध्या चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचा. ती म्हणायची, "हे न्हाई चालत. छापील बिल द्या, शिक्का मारा." एकदा मोठी खरेदी झाली तेव्हा त्याने खूश होऊन स्केचपेनचं एक पाकीट वेगळं काढलं. "हे तुमच्या पोरीला, माझ्याकडून." तिने ते बिलात लिहायला लावलं, किंमत शून्य म्हणून, आणि शाळेच्या साठ्यात जमा केलं. हे तिने मला सांगितलं नाही. मी बिलं लावताना पाहिलं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती ओसरीतल्या फळ्यावर हिशोब लिहायची. जमा, खर्च, शिल्लक. कोणीही यावं आणि वाचावं. वाचता न येणाऱ्याला ती वाचून दाखवायची. त्यावरून एकदा भांडणही झालं. कडूबा नावाच्या पालकाने वर्गातला पंखा दुरुस्त करून आणला होता. एकशेवीस रुपये झाले म्हणाला. पावती नव्हती.

"अगं आत्या, पंखा फिरून राह्यला ना? डोळ्यांनी दिसतंय ना तुला?" कडूबा चिडून म्हणाला.

"पंखा दिसतो. एकशेवीस दिसत न्हाईत."

"म्हंजे मी खोटं बोलतो?"

"न्हाई रे. तू खरंच बोलतो. पण उद्या तुझ्या जागी दुसरा कोणी येईल, त्यालाबी मंग असंच द्यावं लागंल."

कडूबा परत मेकॅनिककडे गेला नाही. पैसेही घेतले नाहीत. पुढे वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही.

आमची शाळा चौथीपर्यंत. पायल चौथीत गेली तेव्हापासून आत्याने पुढच्या वर्षाची तयारी चालवली होती. पाचवीला पिंपळगाव. बाजारला गेली की ती तिथल्या शाळेत डोकावून यायची. शाळा किती वाजता सुटते, मुलींना पास मिळतो का, पाण्याची सोय काय, सगळं विचारून आली होती. सायकल घ्यायची तर कुठली, हेही ठरलं होतं. मला म्हणायची, "पहिले चार दिवस मी जाईन संगं. मंग तिची ती जाईल."

मार्चअखेर पुंजारामचा फोन आला. मोठी खोली मिळाली होती. जवळच इंग्लिश शाळा होती. परीक्षा झाली की पायलला न्यायला येतो म्हणाला.

हे तिने मला कपाटाशी बसून सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. "लेकरू त्यायचंच हाये, मॅडम. सांभाळायला दिल्तं, परत मागितलं. भांडू कशावरून?"

"पायल काय म्हणते?"

"तिला लई आनंद झाला. आईपाशी जायचं म्हणल्यावर होणारच की." पेन्सिली सारख्या करत ती म्हणाली, "व्हायलाच पायजे."

एक मेला आम्ही निकाल दिला. झेंडावंदन झालं, मुलांना लाडू वाटले. पायल वर्गात दुसरी आली होती. तीन तारखेला पुंजाराम येऊन तिला घेऊन गेला. मी तेव्हा अंबडला, माझ्या घरी होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या आठवड्यात आत्या आली नाही. कपाटाची किल्ली तिच्याकडे होती, म्हणून मी सरांच्या मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून काम भागवलं. शनिवारी पालकसभा होती. मागच्या वर्षाचा हिशोब वाचायचा आणि नवी समिती निवडायची. त्या दिवशी ती आली. धुतलेलं पातळ, काखेत वही. बारीक झाली होती. ओसरीत तीसेक माणसं बसली होती, बायाच जास्त. ती उभी राहून वाचायला लागली.

"मागची शिल्लक चारशे दहा. धा महिन्यांची जमा सहा हजार सहाशे. खर्चा सहा हजार पाचशे पंचेचाळीस. शिल्लक चारशे पासष्ट. बिलं सगळी लावलेली हायेत, बघून घ्या."

कोणी बघितली नाहीत. तिने पान उलटलं.

"आता साठा. रंगपेट्या, चोवीस रंगांच्या, जानेवारीत आणल्या धा. कपाटात हायेत नऊ. एक म्या पायलला दिली, ती चाकणला निघाली तव्हा. कोणालाबी विचारलं न्हाई. किल्ली माझ्यापाशी व्हती, कपाट उघडलं, काढली आन तिच्या दप्तरात ठिवली. पंच्याऐंशी रुपयांची पेटी. ते पंच्याऐंशी हे घ्या." तिने पदराची गाठ सोडली आणि नोटा व नाणी सरांच्या टेबलावर ठेवली.

ज्या बाईने पेराएवढे खडू वेचले तिने कपाट उघडून पेटी नेली, हे आमच्या कोणाच्या डोक्यात बसेना.

रामप्रसाद सर सावरून म्हणाले, "आत्या, तुम्ही पैसे भरलेत. विषय संपला. इतिवृत्तात लिहायची काही गरज नाही."

"ल्हिवा, सर. बिगर इचारता घेतली, असंच ल्हिवा."

तेवढ्यात मागून कडूबा उठला. मला वाटलं, आता हा वर्षभराचं उट्टं काढणार. सुरुवात त्याने तशीच केली. "माझ्या एकशेविसाला पावती मागितली व्हती आत्यानं."

"बराबर हाये तुझं," आत्या म्हणाली.

"आता माझं ऐकून घे." कडूबा सगळ्यांकडे वळला. "चार वर्षं हिनं एक रुपया इकडचा तिकडं केला न्हाई. मी म्हणतो, असं ल्हिवा की पोरगी शाळा सोडून चालली म्हणून समितीनं तिला रंगपेटी भेट दिली. पंच्याऐंशी रुपये आत्याला वापस करा. कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. बाया 'हो हो' करायला लागल्या. सरांनी समाधानाने पेन उचललं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "समितीनं न्हाई दिली. म्या दिली." पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "चार वर्षं शाळेतली हरेक वस्तू तिला सगळ्यायच्या मागून भेटली. जाताना एक वस्तू माझ्या हातानं द्यावी वाटली. बाजारला जाऊन इकत आणायला येळ व्हता, पैसेबी व्हते. पण तिला ती कपाटातलीच पायजे व्हती. जानेवारीपासून बघून राह्यली व्हती ती. चूक झाली ते ल्हिवा. पण म्या दिली, तेवढं तरी माझं राहू द्या."

कडूबा खाली बसला. सरांनी तिने सांगितलं तसंच लिहिलं. मी ते इतिवृत्त नंतर वाचलं. 'श्रीमती गोजरबाई यांनी न विचारता दिली व रक्कम रुपये पंच्याऐंशी स्वतः भरली.' खाली तिची टपोरी सही.

त्यानंतर नव्या समितीची नावं घ्यायची होती. सरांनी नियम वाचला. सदस्य होणाऱ्याचं मूल शाळेत शिकत असलं पाहिजे. वाचताना त्यांनी मान वर केली नाही. दोनतीन बाया म्हणाल्या, "आत्यालाच राहू द्या की, कागदावर कोणाचंबी नाव ल्हिवा." आत्याच म्हणाली, "असं कसं? खोटं कामून ल्हेवायचं?" वस्तीवरच्या धम्मपालची बायको प्रीती, जिची मुलगी दुसरीत होती, तिला निवडलं. आत्याने तिथेच तिला कपाटाशी नेलं. एकेक वस्तू मोजून दाखवली, किल्ली दिली आणि वहीवर तिची सही घेतली.

प्रीती मजुरीला जाणारी, जेमतेम पंचवीसची. घाबरून म्हणाली, "आत्या, मला जमंल का?"

"जमतं. फकस्त बिल घेत जाय."

राखीला आत्या चाकणला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढी लांब गेली असेल. आठ दिवस राहणार होती, चौथ्या दिवशीच परत आली. मी शाळा सुटल्यावर स्कूटी काढत होते, तेव्हा ती रस्त्यात भेटली. मी विचारलं, "पायल कशी आहे?"

"उंच झाली. इंग्रजीत कविता म्हणते." मग ती बांधावर टेकली आणि सांगायला लागली.

शनिवारी पायलच्या शाळेत पालकसभा होती. दैवशालाची पाळी होती, पुंजाराम रातपाळी करून झोपला होता. म्हणून आत्याच गेली. मोठा हॉल, खुर्च्या. पुढे एक तरुण शिक्षिका सांगत होती की वर्गाच्या साहित्यासाठी प्रत्येकी पंधराशे रुपये भरायचे आहेत. सगळ्यांनी मोबाइल काढले. आत्या उभी राहिली.

"म्या इचारलं, म्याडम, मागल्या साली किती जमले, कशाला लागले, ते कुठं ल्हेवलेलं हाये? सगळे माझ्याकडं बघाय लागले. ती पोरगी चांगली व्हती, रागावली न्हाई. म्हणली, आजी, सगळं ॲपवर असतं. म्हणलं, दाखवा मंग. तर पायलनं माझं पातळ वढलं. म्हणली, आत्या, बस ना खाली."

ती थांबली.

"मंग एक कागद दिला सहीला. म्या पेन घेतला. त्या पोरीनं इचारलं, तुम्ही पायलच्या कोण? म्हणलं, आत्या. तर म्हणली, सही आईवडिलांचीच लागंल, घरी न्या. बराबरच हाये तिचं. नियम हाये." आत्याने पदराने तोंड पुसलं. "येताना फाटकातून बाहीर पडेपर्यंत पायलनं माझा हात धरला न्हाई, मॅडम. पोरी व्हत्या तिच्या वर्गातल्या. पुढं वळण आलं, तिथं पोरी दिसंनाशा झाल्या, मंग धरला. घरापर्यंत धरून चालली."

"लहान आहे ती अजून," मी म्हटलं.

"हाये की. म्या कुठं काय म्हणते."

त्या दिवशी मी तिला घरापर्यंत सोडलं. ओट्यावर एक लहान सायकल उभी होती, चाकांना अजून कागद गुंडाळलेला. जुनाच सौदा होता, म्हणाली. पुंजारामचा फोन येण्याआधीच, फेब्रुवारीत पैसे देऊन बसली होती, दुकानदार परत घेईना. कडूबाच्या पोरीला देणार होती, पण अजून दिली नव्हती.

दिवाळीला पायल आली नाही. तिला कसल्या तरी शिबिराला नाव घातलं होतं. रविवारी फोन यायचा. आधी अर्धा तास चालायचा, मग दहा मिनिटं. आत्या त्याबद्दल तक्रार करत नाही. एवढंच म्हणते, "अभ्यास लई असतो तिकडं."

प्रीतीला आता हिशोब चांगला जमतो. फळ्यावर तीही लिहिते. पण मजुरी बुडवून बाजारला जाणं तिला परवडत नाही आणि दुकानदार तिला छापील बिल द्यायला टाळाटाळ करतो. म्हणून खरेदीला आत्याच जाते. सामान आणते, बिल आणते, ओसरीत बसून प्रीतीला मोजून देते. वर्गात येत नाही. मी दोनदा म्हटलं, आत या, कपाटात तुम्हीच लावा. "आता प्रीतीचं काम हाये ते," म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिने तीन डझन वह्या आणल्या. यंदा मोसंबीच्या बागेत राखणीला एक कुटुंब आलंय, त्यांची मुलगी पहिलीत आहे. ती पाणी प्यायला बाहेर आली आणि आत्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही कोणाच्या मम्मी?"

वह्या मोजणारा हात थांबला. "कोणाची न्हाई गं."

"मंग शाळेत कामून येता?"

आत्याने थोडा विचार केला. "वह्या आणून द्यायला."

मुलीला ते पटलं. ती पळत वर्गात गेली. आत्याने वह्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. प्रीती आली, तिने सही केली. जाताना आत्या मला म्हणाली, "चौथीत यंदा किती पोरी हायेत, मॅडम?"

"चार."

"चौघीबी पिंपळगावलाच जातील ना पाचवीला?"

"हो, तसंच दिसतंय."

"बरं हाये. जवळ हाये ते," ती म्हणाली. रिकामी पिशवी झटकून तिने घडी घातली आणि कापूस वेचायला शेताकडे गेली.